शुद्धिपत्र

बढतीच्या फॉर्मात सातवा रकाना:
एकूण शोधनिबंध? सव्वीस.
एकूण उद्धरणं? चारशे अकरा.
एच-इंडेक्स? नऊ.
तीन वर्षं नऊच आहे,
मांडवीच्या गाळात बसलेल्या होडीसारखा,
भरती येते, जाते, तो हलत नाही.

चारशे अकरातली दोनशे छप्पन्न एकट्या एका निबंधाची:
पाकटाच्या काट्याची कळ
आणि तिवराच्या सालीचा अर्क.
गट सहा, उंदीर छत्तीस.
पंजा चाटण्याची सेकंदं मी स्वतः मोजली,
खाली नवाबागेत रापण ओढायच्या आरोळ्या
आणि माझ्या मुठीत स्टॉपवॉच.

रेसिफेच्या कुणीतरी केळुसकरची केलास्कर केली,
तेव्हा दोन उद्धरणं भलत्याच बाईच्या खात्यावर पडली.
चार पत्रं लिहून ती परत आणली मी,
सातबाऱ्यावरून निसटलेल्या दोन गुंठ्यांसारखी.

परवा रात्री वीज गेली,
लॅपटॉपची बॅटरी होती तेवढा वेळ
ती सगळी वाचत बसले.
आजवर मोजली होती, वाचली नव्हती.

बहुतेकांनी मला प्रस्तावनेतल्या एका ओळीत,
आणखी चौघांबरोबर दाटीनं बसवलंय,
शिरोड्याच्या टमटममध्ये बसवतात तसं,
चौथी सीट, अर्धं अंग बाहेर.
आणि एकतीस जण म्हणतात:
आम्ही करून पाहिलं, गुण आला नाही.
तेही मोजले गेलेत.
मोजणाऱ्याला होय काय, नाही काय,
नाव घेतलं की झालं.

जुनी नोंदवही काढली. मेणबत्ती.
चौदा जानेवारी, सकाळी साडेसात.
खोबरेलातला अर्क थंडीनं थिजलेला.
समासात धाकू परबाचं तिरकं अक्षर:
‘औषद गरम करून घेतला.’
आणि खाली, माझ्या अक्षरात,
तुलनेच्या गटाला नुसतं खोबरेल, दुपारी दीड.
तोवर ते उन्हानं आपसूक पातळ झालेलं,
गरम करायचं कारणच नव्हतं.

मी लपवलं नव्हतं काही.
समासातलं समासात राहिलं.
टाइप करताना समास कोण टाइप करतं?

दुसऱ्या दिवशी आवडू कुबलकडे गेले.
ती बांगडे निवडत होती, मान वर न करता.
म्हटलं, पाकट मारला की तू तिवराची साल बांधतेस ना,
ती उकळूनच का?

“कडत पाणी गो,” ती म्हणाली.
“पाय सोसवत तितक्या कडत. त्यात बुडवन ठेवूचो.
साल माझी सासू घाली, म्हणान मी घालतंय.
नसली तर नसली.”

नऊ वर्षांपूर्वीही तिनं हेच सांगितलं असणार,
याच सुरात, याच पाटीपुढे.
मी तेव्हा झाडाचं लॅटिन नाव आठवत होते.

संपादकांना लिहिलंय, तीन परिच्छेद:
तापमान नोंदवायचं राहिलं,
गुण कशाचा, ते आता मला सांगता येत नाही.
उत्तर नाही अजून.
छापलंच तर अंकाच्या शेवटी, जाहिरातीच्या आधी,
त्याचं उद्धरण कुणी करणार नाही.
मूळ निबंध मात्र चालत राहील आपल्या पायांनी.
काल सकाळी तो दोनशे सत्तावन्न झाला.

फॉर्म मंगळवारी द्यायचाय.
सातव्या रकान्यात आकडा भरलाय, पेन्सिलीनं.

हे सगळं मी आवडूला सांगत बसले होते, का कोण जाणे,
उद्धरण म्हणजे काय, तेही.
तिला त्यातलं किती पोचलं ठाऊक नाही.
पिशवीत चार बांगडे घालून देताना तिनं विचारलं,
“आणि ते उंदीर? ते खंय गेले मगे?”

छत्तीस होते, मी म्हटलं.

तिनं उरलेल्या बांगड्यांवर मीठ मारलं,
मूठ झटकली,
पाटी पुढे सरकवली.